मोजणं सोड, बोलायला लाग

रोज ठरल्या वेळी प्रार्थना करतोस, एक दिवस चुकवत नाहीस, तरी आतून कोरडंच वाटतं म्हणालास. मीही अनेक वर्षं असाच हिशेब ठेवत होतो. किती वेळा म्हटलं, किती मिनिटं बसलो. देवाशी मात्र एक वाक्यही मनापासून बोललो नव्हतो.

आधी एवढं कर. पाठ असलेले शब्द निम्मे कर आणि सावकाश म्हण. ज्या शब्दापाशी मन अडखळेल, तिथेच थांब. मग स्वतःच्या भाषेत जे खरं आहे ते सांग: राग, भीती, कुणाचा वाटणारा मत्सर, अगदी "आज तुझ्याकडे यावंसंच वाटत नव्हतं" हेही. देवासमोर चांगलं दिसायची धडपड, माझ्या मते, सगळ्यात मोठी भिंत.

कोरडेपणाला घाबरू नकोस. १६व्या शतकातल्या स्पेनच्या संत तेरेसा प्रार्थनेच्या बाबतीत केवढ्या अधिकारी! पण त्यांनीच लिहून ठेवलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसल्यावर त्यांचं लक्ष तास कधी संपतो याकडेच असे. मध्ये वर्षभराहून अधिक काळ त्यांनी ती सोडलीही होती. मग पुन्हा बसल्या.

विधी टाकून दे असं मी अजिबात म्हणत नाही. मन सैरभैर असतं तेव्हा ती ठरलेली वेळच हात धरून बसवते. फक्त उठल्यावर घरच्यांशी तुझा आवाज कसा असतो, ते बघत जा. कुणाची माफी मागायची राहिली असेल, तर आधी ती माग, मग बस.