'अल्फा ॲन्ड्रोमेडी'मधील षष्ठी

तारकासमूहाचे नाव 'ॲन्ड्रोमेडा' असताना त्यातील ताऱ्याला 'अल्फा ॲन्ड्रोमेडी' का म्हणतात, आणि लॅटिन शिकवताना अशा नावांना पुराणकथा व चित्रे जोडून काही लाभ होतो का, असा प्रश्न आहे.

'ॲन्ड्रोमेडी' हे लॅटिन षष्ठी विभक्तीचे एकवचन असून पूर्ण नावाचा अर्थ 'ॲन्ड्रोमेडाचा अल्फा' असा होतो. आउग्सबुर्ग येथील वकील योहान बायर याने 1603 साली 'यूरानोमेट्रिया' या तारानकाशात ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली, आणि त्या अक्षरापुढे तारकासमूहाचे षष्ठ्यन्त नाव जोडण्याची रीत आजही चालू आहे. 'सिग्नस'चे 'सिग्नी', 'जेमिनाय' या अनेकवचनाचे 'जेमिनोरम', तर 'व्हर्गो'चे 'व्हर्जिनिस' होते. यांतले शेवटचे रूप मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण प्रथमेत लपलेला 'न' त्यात प्रकट होतो. 'राजा'चे 'राज्ञः' होताना 'राजन्' या प्रातिपदिकाचा (प्रत्यय लागण्यापूर्वीच्या मूळ शब्दाचा) 'न्' परत येतो हे ज्याने संस्कृतात पाहिले आहे, त्याला लॅटिन कोशात प्रत्येक नामापुढे षष्ठीचे रूप का छापलेले असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

कथा आणि चित्रे यांचा लाभ निश्चित होतो. मात्र ती मूळ वाक्याला चिकटून यावीत, नाहीतर ती तासाची केवळ सजावट होतात. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसेस' या काव्याच्या चौथ्या सर्गात खडकाला बांधलेली ॲन्ड्रोमेडा ग्रीक कथेतील वीर पर्सियस याला दिसते; वाऱ्याने तिचे केस हलले नसते आणि डोळ्यांतून उष्ण अश्रू वाहत नसते, तर ती संगमरवरी मूर्तीच आहे असे त्याला वाटले असते. येथे डोळ्यांसाठी 'लूमिना' हा शब्द आहे, ज्याचा मूळ अर्थ 'दिवे, प्रकाश' असा असून तो आकाशातील ज्योतींनाही लावला जातो. हे वाक्य वाचल्यावर लंडनच्या वॉलेस संग्रहातील, इटालियन चित्रकार टिशियनचे याच प्रसंगाचे चित्र समोर ठेवावे: पर्सियस आकाशातून डोके खाली करून झेपावत आहे. ओव्हिडच्या कोणत्या ओळी टिशियनने घेतल्या आणि कोणत्या सोडल्या, हे शोधताना विद्यार्थी क्रियापदे पुन्हा पुन्हा तपासतो, आणि व्याकरण पक्के होते ते तेथेच.

मराठी शिक्षकाने एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे ॲन्ड्रोमेडाला देवयानी, पर्सियसला ययाती, कॅसिओपियाला शर्मिष्ठा आणि सीफियसला वृषपर्वा म्हणतात. ही नावे महाभारतातील आहेत, पण नाती जुळत नाहीत. ग्रीक कथेत सीफियस हा कॅसिओपियाचा पती आणि ॲन्ड्रोमेडा त्यांची मुलगी, तर महाभारतात वृषपर्वा हा शर्मिष्ठेचा पिता आहे, आणि देवयानी शुक्राचार्यांची कन्या. त्यामुळे आकाश दाखवताना मराठी नावे अवश्य वापरावीत, पण ओव्हिडचा उतारा वाचताना ती बाजूला ठेवावीत.