ओदानीला पहिल्यांदा जाताय?

जपानच्या शिगा प्रांतातला ओदानी हा पहिला यामाजिरो (डोंगरी किल्ला) म्हणून छानच. १५७३ मध्ये सरदार ओदा नोबुनागाने तो जिंकला. आज वर ना वाडा, ना बुरूज. नवखे तेच शोधतात आणि हिरमुसून परततात. इथे माती वाचायची:

- झाडीतली सपाट केलेली जागा म्हणजे कुरुवा, किल्ल्याचा एक सपाट टप्पा.
- डोंगराची सोंड आडवी तोडली असेल तर होरिकिरी, म्हणजे खंदक. होनमारूमागची (मुख्य कुरुवामागची) प्रचंड आहे, तिच्यात उतरून वर बघा. बाहेरून खोली कळत नाही.

मोबाईलच्या भरवशावर राहू नका, नावाबारीचा (किल्ल्याच्या आखणीचा) छापील नकाशा घ्या. उन्हाळा टाळा: गवतात खंदक बुजतात. नोव्हेंबरअखेर उत्तम, पुढे बर्फ. ओल्या पानांवर पाय घसरतो, बूट खाचांचे हवेत. अस्वलांसाठी पिशवीला घंटा बांधा. अंधार पाचच्या आत पडतो, तीनला उतरायला लागा.