ड्रमर असताना ड्रम संगणकावर का?

प्रश्न: मी नौपाड्यात तबला शिकवतो. पुतणीने मेशुगा या स्वीडिश बँडचा ‘कॅच थर्टीथ्री’ हा अल्बम ऐकवला. ताल चुकतोय की मुद्दाम तसा आहे, तेच कळेना. त्यात ती म्हणते, ड्रम कुणी वाजवलेलेच नाहीत. मग दाद कोणाला द्यायची?
– एक तबलावादक, ठाणे

उत्तर: काका, ताल कुठेही चुकत नाही. मी ऐरोलीतल्या एका बँडमध्ये बेस वाजवते. या लोकांच्या रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, बसवताना मला लहेऱ्यानेच (तबल्यासोबत सतत फिरत राहणाऱ्या सुरावटीने) वाट दाखवली. तबला सोलोत लहेरा आवर्तन धरून ठेवतो आणि तुम्ही बोल खेळवता, ते काम इथे ड्रमसेटमधली झांज करते. ती सरळ चार-चार मात्रा मोजत राहते. गिटार आणि पायाचा बेस ड्रम मात्र विषम लांबीचा तुकडा पुन्हा पुन्हा घेतात, म्हणून त्याची सुरुवात दर वेळी वेगळ्या जागी पडते. तुमची तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, हिशेबाने समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येते. हे बहुतेकदा शेवटचा तुकडा मध्येच तोडतात आणि समेवरून नव्याने उचलतात. गिटारकडे दुर्लक्ष करून झांजेवर टाळी धरा. समेची जागा तुम्हाला लगेच सापडेल.

ड्रमबद्दल पुतणी बरोबर सांगते. २००५ च्या या अल्बमचे ड्रम संगणकावर रचलेले आहेत. पण त्यातले ठोके बँडचा ड्रमर टोमास हाके याच्याच ड्रमवरून रेकॉर्ड करून घेतलेले. अख्खा अल्बम म्हणजे सुमारे ४७ मिनिटांची एकच सलग रचना, १३ भागांत तोडलेली. पहिले तीन भाग तर एकाच रिफवर उभे आहेत. एवढा मोठा नकाशा आखताना हवा तो ठोका हलवून बघता येणं फार मोलाचं असतं. दाद त्या रचनेला द्या. हाताच्या ठोक्यात जी किंचित पुढेमागे होणारी जान असते ती इथे नाही, आणि मला ती जाणवते. पण निर्विकार, न थकणाऱ्या या घणाला तेच शोभतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि हाकेने पुढे यातले भाग मंचावर स्वतः वाजवले. २०१४ च्या ‘द ऑफिडियन ट्रेक’ या लाइव्ह अल्बममध्ये ‘इन डेथ – इज डेथ’ आहे. तो आणि मूळचा, दोन्ही पुतणीकडून मागून घ्या. मूळ अल्बम ऐकताना मात्र भाग निवडू नका. ठाण्याहून पनवेल लोकल पकडलीत, तर एका फेरीत तो सलग ऐकून होतो.