वाचक विचारतात: पहिला मेटल डिटेक्टर कुठला घेऊ?

प्रश्न: दादा नमस्कार, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, आयटीत आहे. इंग्लंडमधले लोक शेतात मशीन फिरवून नाणी काढतात ते व्हिडिओ बघून बघून डोक्यात किडा शिरलाय. मामांचं निफाडकडे शेत आहे, ते म्हणतात ये बिनधास्त. बजेट तीसेक हजार, फार तर थोडं वर. गॅरेट, माईनलॅब, नोक्टा अशी नावं वाचली. कोण म्हणतं जास्त खोल जाणारं घे, कोण म्हणतं मोठी कॉईल (दांड्याच्या टोकाची तबकडी) घे. पहिलं मशीन म्हणून नेमकं काय बघू?

उत्तर: भाऊ, खोली नंतर बघू, आधी मामांची जमीन बघा. एक साधा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि शेतातल्या कोरड्या मातीत नाहीतर गोदावरीच्या वाळूत फिरवा, पिशवीला काळे कण मिशीसारखे चिकटतील. आपला सगळा भाग बसाल्टचा, त्यातलं लोहयुक्त खनिज मातीत उतरलेलं असतं आणि मशीन कॉईलमधून चुंबकीय क्षेत्र खाली सोडतं तेव्हा नाण्याच्या आधी ही मातीच उत्तर देते. व्हिडिओतल्या गोऱ्याच्या शेतात एवढा त्रास बहुतेक वेळा नसतो, म्हणून त्याचं मशीन गप्प असतं आणि तेच मशीन आपल्याकडे आणलं की दर पावलाला कुरकुरतं, मग माणूस म्हणतो मशीनच खराब निघालं.

म्हणून पहिली अट ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज ओळखून तेवढा बाजूला काढायची सोय. गॅरेटचं एस 300 हे जगभर नवशिक्यांचं आवडतं मशीन आहे, हलकं, शिकायला सोपं, पण त्याचा ग्राउंड बॅलन्स कंपनीतूनच सेट होऊन येतो, आपल्याला हात लावता येत नाही. नोक्टा ही तुर्कस्तानची कंपनी, तिचं सिम्प्लेक्स प्लस 12 किलोहर्ट्झ या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यात ग्राउंड बॅलन्स स्वतः करता येतो, बॅटरी चार्जिंगची आणि मशीन पाण्यात 3 मीटरपर्यंत चालतं. माईनलॅब ऑस्ट्रेलियाची, तिची व्हँक्विश सिरीज एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडते आणि मातीशी आपापलं जुळवून घेते, तिच्या काही मॉडेलांत साधे पेन्सिल सेल बसतात. मला विचाराल तर काळ्या मातीसाठी या शेवटच्या दोघांपैकी जे बजेटमध्ये आणि बिलासकट, वॉरंटीसकट मिळेल ते घ्या. वॉरंटीचं आधी विचारा, कारण पार्सलने आलेलं मशीन बिघडलं की रिपेअरला कुठे पाठवायचं हा प्रश्न उभा राहतो.

कॉईल डीडी प्रकारची (आत इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी) असू द्या, अशा मातीत ती जास्त शांत चालते. मोठी कॉईल थोडी खोल जाते हे खरं, पण सोबत माती जास्त बघते आणि कचराही जास्त बघते. आणि मामांची द्राक्षबाग असेल तर विषयच संपला, मांडवाच्या तारा, अँगल, जुने खिळे, तुटलेली तार, कॉईल जमिनीकडेच बघते असं थोडंच आहे, वरची तारही तिला दिसते. बागेत फिरवूच नका, मोकळ्या रानात जा, तेही पीक निघाल्यावर.

खोलीचं खरं सांगू का? या किमतीतलं चांगलं मशीन रुपयाएवढं नाणं वीतभर खोल पकडतं, चांगल्या जमिनीत आणि चांगल्या हाताला अजून थोडं. वापरायचं कसं, तर शेतात गेल्यावर आधी जिथे धातू नाही अशी जागा शोधा, ग्राउंड बॅलन्सचं बटण असेल तर ते धरून कॉईल जमिनीजवळ खालीवर करा, आवाज स्थिर झाला की सोडा. तरी कुरकुरलं तर सेन्सिटिव्हिटी कमी करा, फुल ठेवण्यात काही मर्दुमकी नाही. कॉईल जमिनीला समांतर, सावकाश, आधीच्या पट्ट्यावर थोडी चढवत न्या. हाय टेन्शनच्या तारांखाली मशीन उगाच बडबडतं, तिथनं लांब व्हा. मशीनइतकंच कामाचं म्हणजे पिनपॉइंटर, हातात धरायची छोटी कांडी, खड्डा केल्यावर ढेकळात वस्तू नेमकी कुठे आहे ते ती सांगते, नाहीतर काळी माती चिवडत अर्धा दिवस जातो. थोडे पैसे तिच्यासाठी आणि एका बऱ्या हेडफोनसाठी बाजूला काढूनच मशीनचं बजेट धरा.

आता एक गंमत. सगळे सांगतात लोखंड बंद करून ठेव म्हणजे डिस्क्रिमिनेशन लाव. पण आपली हल्लीची एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत, म्हणून तर रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात. मशीन ती बऱ्याचदा लोखंडातच मोजतं. उलट बाजूला सोन्याची बारीक अंगठी आणि चांदीच्या वर्खासारखी फॉइल यांचे मशीनच्या पडद्यावरचे आकडे जवळजवळ येतात, फॉइल बंद केली की अंगठीही गेली. म्हणून घरी गच्चीवर नको (स्लॅबमध्ये सळया असतात), अंगणात एक स्टीलचा रुपया, जुना ॲल्युमिनियमचा दहा पैसा, तांब्याचा तुकडा, चांदीचं जोडवं, बाटलीचं बूच असं ठेवून प्रत्येकाचा आवाज आणि आकडा लिहून घ्या. सुरुवातीला सगळं खणा, बुचंसुद्धा. कान त्यानेच तयार होतो.

राहिला खजिना. तुम्ही विचारलं नाही तरी सांगणं भाग आहे. 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं असं मूळ कायद्यात आहे (दहा रुपये तेव्हाचे, आकडा तसाच राहिलाय), लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर विकायचा विचारही नको. म्हणजे मामांच्या रानात शिवराई किंवा चांदवडी रुपया निघाला तर फोटो, जागा, तारीख लिहा, घासूनपुसून चकचकीत करू नका आणि कलेक्टरला लेखी कळवा. मामांची परवानगी आहे ती खणायची, मिळालेल्या वस्तूची नाही.

आणि काही जागा सोडूनच द्या. पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर, जुन्या नाशकातली मातीची गढी जिथे 1950-51 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, चांदोरीला पाणी उतरल्यावर नदीपात्रात उघडी पडणारी देवळं, कुठलाही किल्ला. एक नाणं उपटलं की ते कुठल्या थरात, कशासोबत होतं ही माहिती कायमची जाते. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची 13,000 च्या वर चांदीची नाणी एकत्र सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला, सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हे त्यावरून कळलं ते ढीग एकत्र राहिला म्हणून. तशी नाणी बघायची हौस असेल तर अंजनेरीचं नाणी संग्रहालय गाठा.

देवळालीच्या फायरिंग रेंजच्या आसपास तर अजिबात नाही. कुठेही गंजलेलं, नळकांड्यासारखं जड लोखंड लागलं तर तो न फुटलेला तोफगोळा असू शकतो, हात लावू नका, मागे व्हा, पोलिसांना कळवा.

प्रश्न: मी सिन्नरजवळच्या गावातून. कांदे काढताना मंगळसूत्राची एक वाटी तुटून पडली, आठ दिवस झाले. भाचा म्हणतो मशीन भाड्याने आणू. सापडेल का हो?

उत्तर: ताई, शक्यता चांगली आहे आणि खरं तर मशीनचा आपल्याकडे सगळ्यात सरळ उपयोग हाच. आधी त्या वाफ्यांत नांगर, रोटाव्हेटर काही घालू देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या दिवशी कुठल्या ओळीत बसला होतात, कांद्याची पात कुठे टाकली, पाटी कुठे ओतली ते आठवा, पातीचा ढीग आणि गोणी आधी तपासा. मग सुतळीने अंगणाएवढे चौकोन पाडा आणि एक एक संपवत जा. काळी जमीन तापली की तिला भेगा पडतात आणि बारीक वस्तू त्यात आत जाते, म्हणून भेगांवर कॉईल उभी-आडवी दोन्हीकडून फिरवा. भाच्याला सांगा डिस्क्रिमिनेशन बंद ठेव, राहिलेली वाटी तुमच्याकडे आहेच, ती मशीनसमोर धरून आवाज ऐकून ठेवायला सांगा, तसाच आवाज शोधायचा आहे. छोटी कॉईल मिळाली तर तीच लावा. बाजारातलं गेटवर अंगावरून फिरवतात ते हातातलं मशीन आणू नका, त्याची नजर चार बोटांपुढे जात नाही.

प्रश्न: दोन अँटेनावालं जर्मन मशीन, 30 फूट खालचं सोनं दाखवतं, किंमत दोन लाख. घ्यावं का?

उत्तर: नाही. असल्या अँटेना हातात सैल फिरतात, मनगट किंचित वळलं की हलतात. 2013 मध्ये ब्रिटनमध्ये एका व्यापाऱ्याला अशाच अँटेनावाल्या नकली बॉम्बशोधक यंत्रांसाठी 10 वर्षं शिक्षा झाली, ती यंत्रं इराकमध्ये चेकपोस्टवर वापरली जात होती. विक्रेत्याला घरी बोलवा, अंगणात पाच घमेली पालथी घाला, तो बघत नसताना एकाखाली अंगठी ठेवा आणि म्हणा शोध, दहा वेळा. पूजा, नक्षत्र, मुहूर्त असलं काही बोलायला लागला तर लगेच बाहेर काढा, गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी राज्यात 2013 पासून वेगळा कायदा आहे.