नव्या कारचं इंजिन ऑइल पहिल्यांदा कधी बदलावं आणि फिल्टर कोणता घ्यावा?

आधी गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल उघडा. बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांना 10,000 किमी किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. हजार किलोमीटरला ऑइल बदलायचंच हा नियम जुन्या इंजिनांचा. आता सुटे भाग इतके अचूक घडवलेले असतात की त्याची सक्ती उरली नाही. तरी मन मानत नसेल तर 2,000 च्या आसपास एकदा बदला, नुकसान काहीच नाही, खर्च तेवढा होईल.

गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर मात्र किलोमीटर मोजत बसू नका. इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पाण्याचा अंश आणि पेट्रोल साठत जातं. अशा वेळी सहा महिन्यांनी बदललेलं बरं.

फिल्टर कंपनीचाच घ्या, निदान वॉरंटी संपेपर्यंत. बाहेरून सगळे डबे सारखेच दिसतात, पण आतला बायपास व्हॉल्व्ह (फिल्टर तुंबला तर ऑइलला बाजूने वाट देणारी झडप) किती दाबाला उघडतो हे प्रत्येकाचं वेगळं. आटे बसले म्हणजे फिल्टर चालला असं नाही.

स्वतः बदलणार असाल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघा. मी एकदा विसरलो. दोन रिंगा एकावर एक बसल्या आणि सकाळी गाडीखाली ऑइलचं थारोळं! नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा, पान्याने नको.