'संदर्भ क्षेत्र' की 'प्रमाण क्षेत्र'?

प्रश्न असा: 'मात्रामापकांच्या अंशांकनासाठी गॅमा संदर्भ क्षेत्र प्रस्थापित केले' या वाक्यातले 'संदर्भ क्षेत्र' म्हणजे नेमकी कुठली जागा? (मात्रामापक म्हणजे किरणोत्साराची मात्रा, म्हणजे डोस, मोजणारे उपकरण; अंशांकन म्हणजे त्याचे कॅलिब्रेशन.)

जमीनजुमल्याशी याचा संबंध नाही. चुंबकीय क्षेत्रातले जे 'क्षेत्र', तेच हे. शिशाच्या जाड कवचात सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ ठेवलेला असतो. झडप उघडली की ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांचा झोत बाहेर पडतो. समोर ठरावीक अंतरावर त्याची तीव्रता किती, हे आयनीभवन कक्षाने (किरणांमुळे हवेत तयार होणारा विद्युतभार मोजणाऱ्या उपकरणाने) आधीच मोजून पक्के केलेले असते. हा कक्षही वरच्या दर्जाच्या मानकाशी ताडलेला असतो. भारतात या साखळीचे वरचे टोक ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. मग त्या जागी आपला मापक ठेवायचा आणि तो खरे बोलतो का ते पाहायचे.

म्हणूनच 'संदर्भ' मला खटकतो. मराठीत संदर्भ म्हणजे मागचे-पुढचे धागेदोरे, नाहीतर ग्रंथालयातला विभाग. इथे हवा आहे तो 'प्रमाण'. प्रमाणवेळ, प्रमाणभाषा किंवा 'तुमचा शब्द प्रमाण' यांतला. अर्थात हे 'बाबा वाक्यं प्रमाणम्' नव्हे. अंतर दुप्पट केले की तीव्रता पाव होते, भिंती-जमिनीवरून विखुरलेले किरण त्यात भर घालतात आणि सीझियम स्वतः दरसाल सुमारे सव्वादोन टक्क्यांनी उतरते (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षे). तेव्हा या प्रमाणावर तारीख घालावीच लागते.

झडप बंद असतानाही मापक थोडे काही दाखवतोच. ते वजा करतात. त्याला 'पार्श्वभूमी' म्हणतात. मला मात्र वाण्याच्या तराजूचा पासंग आठवतो.

'मात्रा' झकास आहे, बदलू नये. वैद्याची मात्रा थोडी चुकली तरी अंगाशी येते, हा धाक त्या शब्दात आयताच आहे. 'अंशांकन' मात्र नळीवर रेघा आखायच्या काळातले वाटते. आता आकडे पडद्यावर उमटतात. उरते ते खऱ्या आकड्याशी ताडून दुरुस्तीचा गुणक काढणे. कारखान्यात सगळे सरळ 'कॅलिब्रेशन' म्हणतात आणि कुणाचे काही अडत नाही.

'प्रमाण'ची एक खोड आहे: तो 'किती' या अर्थानेही येतो. 'प्रमाण क्षेत्रातील मात्रेचे प्रमाण' असले काही लिहू नये. मी लिहीन: 'मात्रामापक ताडून पाहण्यासाठी गॅमा किरणांचे प्रमाण-क्षेत्र सिद्ध केले.'