पायथनमध्ये डेल लिहूनही मेमरी का सुटत नाही? डिस्ट्रक्टरमध्ये फाइल बंद केली तर चालेल का?

डेल फक्त नाव पुसतं, ऑब्जेक्ट नाही. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही. त्या ऑब्जेक्टला दुसऱ्या कुणी धरून ठेवलं असेल, मग ती लिस्ट असो, डिक्शनरी असो की कॉलबॅक (नंतर बोलावलं जावं म्हणून नोंदवलेलं फंक्शन), तर तो जिवंतच राहणार. आणि डिस्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट मरताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये, फाइल बंद करू नका.

तुम्ही पुढे लिहिलंय की ऑफिसात सगळे म्हणतात "पायथनचं जीसीच भिकार आहे." जीसी म्हणजे गार्बेज कलेक्टर, निरुपयोगी ऑब्जेक्ट उचलणारा. हे वाक्य मी आमच्याकडे इतक्यांदा ऐकलंय की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. उसाची ट्रॉली काट्यावर आली की त्या गाडीचा एक ऑब्जेक्ट तयार व्हायचा. त्यात गाडी नंबर, टोकन, कॅमेऱ्याचा फोटो आणि त्या गाडीची लॉग फाइल. स्क्रीनवर वजन हलताना दिसावं म्हणून तो ऑब्जेक्ट आपली मेथड सीरियल पोर्ट वाचणाऱ्या रीडरकडे नोंदवायचा. गव्हाणीत ऊस खाली करून गाडी रिकाम्या वजनाला परत यायची, पावती निघायची, गाडी जायची. नोंद मात्र कुणीच काढत नव्हतं.

हंगाम भरात आला आणि दोन-चार दिवसांनी काटा जड चालायला लागला. इंडिकेटरवर एक आकडा, स्क्रीनवर मागचा. शेतकऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो: काटा मारतायत. मी स्वतः ऊसवाल्या घरातला आहे, त्या संशयाची धार मला ठाऊक आहे. ऑपरेटरचा फोन यायचा, "सर, काटा अडकलाय की ओ, लाइन पार रस्त्यापर्यंत गेल्या." ट्रॉलीत ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, ते नुकसान शेतकऱ्याच्या पदरात.

आमच्या सीनियर सरांनी प्रत्येक वजनानंतर जीसी.कलेक्ट() टाकायला लावलं. त्यानं काटा आणखी मंद झाला. होणारच. पूर्ण कलेक्शन जिवंत ऑब्जेक्ट तपासत फिरतं, आणि इथं सगळेच जिवंत होते, उचलायला काही नव्हतंच. मग सर म्हणाले, रोज रात्री बाराला रीस्टार्ट टाक. रात्रीसुद्धा काट्यावर रांग असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटी "टू मेनी ओपन फाइल्स" आलं. लिनक्सवर एका प्रोसेसला उघड्या फाइलींची नेहमीची मर्यादा 1024 असते. प्रोक खालचं त्या प्रोसेसचं एफडी फोल्डर (तिच्या उघड्या फाइलींची यादी) उघडून बघितलं तर केए 23 आणि एमएच 09 च्या गाड्यांच्या लॉग फाइली ओळीनं उघड्या, त्यातल्या कित्येक गाड्या परवाच ऊस टाकून गेलेल्या. फाइल बंद करायचं काम डिस्ट्रक्टरवर सोपवलेलं, आणि ऑब्जेक्ट मरतच नव्हता. त्यातल्या एका गाडीच्या ऑब्जेक्टवर जीसी.गेट_रेफरर्स चालवलं, ते ऑब्जेक्टला कोण धरून बसलंय ते दाखवतं: पहिल्या खेपेला बाउंड मेथड (ऑब्जेक्टला जोडलेली मेथड) दिसली, त्या मेथडवर परत चालवल्यावर रीडरची लिस्ट. वजनाचा प्रत्येक आकडा गेलेल्या सगळ्या गाड्यांना एकेक करून कळवला जात होता. स्क्रीन मागे पडायचं कारण तेच.

इलाज चार ओळींचा. रिकामं वजन झालं की नोंद काढायची, आणि फाइल विथमध्ये उघडायची, म्हणजे तो ब्लॉक संपला की ती आपोआप बंद होते. कुणी वीक रेफरन्स सुचवेल, म्हणजे ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारा पण त्याला जिवंत न ठेवणारा. वापरा, पण बाउंड मेथडवर साधा वीकरेफ लावला तर तो लगेच मरतो, कारण ऑब्जेक्ट.मेथड म्हटलं की दरवेळी नवी बाउंड मेथड तयार होते. त्यासाठी वीकमेथड आहे, पायथन 3.4 पासून. तरी माझं मत, नोंद हातानं काढणंच सरळ.

सर अजून म्हणतात की सी प्लस प्लसमध्ये लिहिलं असतं तर हे झालं नसतं. झालं असतं, आणि जास्त वाईट. कुणी ऑब्जेक्ट डिलीट केला असता आणि लिस्टमध्ये मेलेला पॉइंटर उरला असता, तर भरल्या काट्यावर प्रोग्रॅम कोसळला असता, किंवा गाड्यांचे आकडे एकमेकांत मिसळले असते. जिथं वजन म्हणजे शेतकऱ्याचे पैसे, तिथं मंद चालणारा काटा परवडला, चुकीचा नाही. जावावाल्यांनीही फायनलायझरचा (त्यांच्याकडच्या डिस्ट्रक्टरसारख्या मेथडचा) नाद सोडला: जावा 9 मध्ये, 2017 साली, तो कालबाह्य ठरवला, आणि 18 मध्ये पुढे काढून टाकण्याच्या यादीत घातला.

एक सांगायचं राहिलं. सीपायथनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये, शेवटचा रेफरन्स (ऑब्जेक्टला धरून ठेवणारा दुवा) गेला की ऑब्जेक्ट तिथल्या तिथे मरतो, म्हणून डिस्ट्रक्टरवाला कोड बहुतेक वेळा चालल्यासारखा दिसतो. पायपाय या पायथनच्या दुसऱ्या अंमलबजावणीत रेफरन्स मोजतच नाहीत, तिथं फाइल कधी बंद होईल सांगता येत नाही. ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले असतील तर सीपायथनमध्येही जीसीची फेरी येईपर्यंत थांबावं लागतं, 3.4 च्या आधी तर अशा साखळीत डिस्ट्रक्टर असला की ती उचललीच जात नव्हती. आणि ऑब्जेक्ट खरंच मेले तरी प्रोसेसची मेमरी लगेच खाली येईलच असं नाही, पायथन मोकळी जागा पुढच्या ऑब्जेक्टसाठी स्वतःकडे ठेवतो. तुमचा आकडा एका ठिकाणी येऊन थांबत असेल तर तो प्रकार. चढतच राहिला तर गेट_रेफरर्स चालवून जे येईल ते इथं टाका, बघू.